शाळेत एथनिक स्टडीज कशासाठी? मराठी पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोभोवतालच्या बे एरियात, मराठी पालक एकमेकांना भेटतात ते गणपतीत, फराळाला, नाहीतर रविवारच्या मराठी शाळेबाहेर मुलांची वाट बघताना. गेली दोन-तीन वर्षं अशा ठिकाणी मला कुणीतरी बाजूला घेऊन विचारतं, "हे एथनिक स्टडीजचं काय प्रकरण आहे हो?" माझी मुलगी नववीत हा विषय शिकली. आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे आमच्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेत, त्यावर बैठका झाल्या, तेव्हा मी बहुतेक सगळ्यांना हजर होते. आधीच सांगते, मी या विषयाच्या पूर्ण बाजूने आहे. पण शंका काढणाऱ्यांना मी मूर्ख समजत नाही. त्यातल्या निम्म्या शंका सुरुवातीला माझ्याही होत्या.

एथनिक स्टडीज म्हणजे नेमकं काय?

मराठीत 'वांशिक अभ्यास' म्हटलं की कवट्या मोजणारं जुनं मानववंशशास्त्र डोळ्यांपुढे येतं, म्हणून मी इंग्रजी नावच वापरते. अमेरिकेतले मूळ रहिवासी, आफ्रिकन अमेरिकन, मेक्सिकन आणि इतर लॅटिनो, आशियाई आणि पॅसिफिक बेटांवरून आलेले लोक, हे या विषयाचे चार मूळ खांब. हे लोक इथे कसे आले किंवा आधीपासून कसे होते, त्यांच्यावर कोणते कायदे लादले गेले, ते कसे लढले, त्यांनी काय उभं केलं, हे त्यांच्या स्वतःच्या शब्दांतून वाचायचं. बहुतेक शाळांत हा नववीतला एका सत्राचा किंवा वर्षभराचा वर्ग असतो.

हे खूळ अचानक कुठून आलं?

अचानक नाही आलं. ६ नोव्हेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात विद्यार्थ्यांनी संप पुकारला. कृष्णवर्णीय, लॅटिनो, फिलिपिनो, चिनी, जपानी आणि मूळ रहिवासी मुलांच्या संघटना एकत्र आल्या होत्या. मागणी साधी होती: आमच्या आईबापांच्या करावर हे कॉलेज चालतं, मग इथल्या पुस्तकांत आम्ही का नाही? लाठ्या पडल्या, शेकड्यांनी अटका झाल्या. संप मार्च १९६९ पर्यंत चालला आणि त्यातून देशातलं पहिलं एथनिक स्टडीजचं स्वतंत्र महाविद्यालय उभं राहिलं. शाळांपर्यंत हा विषय हळूहळू झिरपत आला. ॲरिझोना राज्यातल्या टक्सनमध्ये १९९८ पासून, सॅन फ्रान्सिस्कोत २०१० च्या सुमारास, आणि २०२१ मध्ये कॅलिफोर्नियाने त्यासाठी राज्याचा कायदाच केला.

इतिहासाच्या तासाला हे सगळं येतंच की. वेगळा विषय कशाला?

माझी मुलगी चौथीत होती तेव्हा इथल्या रिवाजाप्रमाणे तिने 'मिशन'ची प्रतिकृती केली. स्पॅनिश पाद्रींनी कॅलिफोर्नियात बांधलेली ही जुनी ठाणी. आमच्या जवळचं मिशन सॅन होजे, १७९७ सालचं, फ्रीमॉंटमध्ये आहे. साखरेचे चौकोनी खडे डिंकाने चिकटवून भिंती, लाल कागदाची कौलं, वर एक घंटा. आम्ही दोन शनिवार-रविवार त्यात घालवले आणि तिला चांगले मार्क पडले. ते मिशन बांधलं कुणी, हे त्या अख्ख्या प्रकल्पात कुठे आलं नाही. मीही विचारलं नाही.

नववीत एथनिक स्टडीजच्या तासाला तिला ओलोनी लोकांवर टिपण करायचं होतं. बे एरियाची जमीन मूळची त्यांची. ती म्हणाली, आपण जाऊन बघू या. मिशनपासून थोड्याच अंतरावर रस्त्याला लागून एक दफनभूमी आहे. तिथल्या फलकावर लिहिलंय की हे मिशन बांधायला पाद्रींना मदत करणारे चार हजार ओलोनी इथे विसावले आहेत. 'मदत करणारे' हा शब्द तिने वहीत लिहून घेतला आणि खाली रेघ मारली. घरी येताना ती गाडीत गप्प होती. मग म्हणाली, "आई, मदत करणारी चार हजार माणसं मरतात का?"

इतिहासाचा तास तिला सन आणि नावं देत होता. फलकावरच्या एका शब्दापाशी थबकायला तिला या तासाने शिकवलं. सर्वसाधारण इतिहासाच्या पुस्तकात हे लोक एका प्रकरणापुरते येतात, मार खातात आणि पुढच्या पानावर नाहीसे होतात. ओलोनी नाहीसे झालेले नाहीत. त्यांची मुलं आजही इथल्याच शाळांत शिकताहेत.

गोऱ्या मुलांना अपराधी वाटायला लावायचा हा डाव नाही का?

हा प्रश्न मला गोऱ्या पालकांपेक्षा आपल्याच लोकांकडून जास्त ऐकू येतो. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय की अभ्यासक्रम सर्व वंशांच्या, धर्मांच्या, राष्ट्रीयत्वांच्या मुलांसाठी योग्य हवा, त्यातून कुणाविरुद्ध पूर्वग्रह पसरता कामा नये आणि कुठल्याही धर्माचा पुरस्कार होता कामा नये. कागदावरचं राहू द्या. आपण शाळेत जालियनवाला बाग शिकलो, म्हणून आपल्याला रस्त्यात भेटलेल्या इंग्रज माणसाचा राग आला का? मुलं 'कुणी केलं' आणि 'कुणाच्या पोटी जन्मलो' यातला फरक समजतात. मोठ्यांना वाटतं त्याहून फार लवकर समजतात.

टक्सनमध्ये यावर बंदी आली होती ना? म्हणजे काहीतरी चुकीचं असणारच.

हे उत्तर लांबेल. कारण या विषयावर बंदी घालणाऱ्यांचं म्हणणं शेवटी कोर्टात तपासलं गेलं, आणि तपासाअंती काय हाती लागलं ते आपल्याकडे फार कमी जणांना ठाऊक आहे.

ॲरिझोनातलं टक्सन मेक्सिकोच्या सीमेपासून तासाभराच्या अंतरावर. तिथल्या सरकारी शाळांतली निम्म्याहून अधिक मुलं मेक्सिकन वंशाची, आणि शाळा सोडून देणाऱ्यांत त्यांचा भरणा मोठा. तिथे 'मेक्सिकन अमेरिकन स्टडीज' सुरू झालं. वर्गाच्या सुरुवातीला मुलं एक माया वचन म्हणायची, 'इन लाकेच': तू म्हणजे माझंच दुसरं रूप. माझ्या आजेसासूबाई हरिपाठ म्हणायच्या. त्यांना हे वचन कुणी समजावून सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, यात नवीन काय?

२००६ मध्ये शेतमजुरांच्या नेत्या डोलोरेस व्हेर्टा तिथल्या एका हायस्कुलात बोलताना म्हणाल्या की रिपब्लिकन लोक लॅटिनोंचा द्वेष करतात. हे वाक्य मलाही पटत नाही. एका अख्ख्या पक्षाबद्दल मुलांपुढे असं बोलू नये. पण राज्याचे शिक्षणप्रमुख टॉम हॉर्न यांनी त्या एका भाषणावरून सगळ्या अभ्यासक्रमाच्या मागे लागायचं ठरवलं. २०१० च्या मे महिन्यात गव्हर्नर जॅन ब्रूअर यांनी कायद्यावर सही केली. सरकार उलथवायला शिकवणारे, एखाद्या वंशाविरुद्ध चीड पसरवणारे, एकाच वांशिक गटासाठी आखलेले, किंवा व्यक्तीऐवजी वांशिक एकजुटीचा पुरस्कार करणारे वर्ग बंद. मोडलात तर राज्याच्या अनुदानातले दहा टक्के कापणार.

हॉर्न यांच्यानंतर आलेले जॉन हपेनथाल यांनी बाहेरची संस्था नेमून वर्गांची तपासणी करवली. २०११ च्या त्या अहवालात कायदा मोडल्याचा पुरावा सापडला नाही. उलट वर्गांचं कौतुकच होतं. हपेनथाल यांनी तो अहवाल बाजूला सारला आणि कायदा मोडला असं स्वतःच जाहीर केलं. जानेवारी २०१२ मध्ये शाळा मंडळाने चार विरुद्ध एक मतांनी अभ्यासक्रम बंद केला. सात पुस्तकं वर्गांतून काढून खोक्यांत भरून गोदामात नेली. काही ठिकाणी तर मुलं बाकांवर बसलेली असतानाच. मी अकरावीत असते आणि मी अर्ध्यावर वाचलेलं पुस्तक कुणी असं उचलून नेलं असतं, तर मला आयुष्यभर ते पुरं करायची ओढ लागली असती.

मुलं आणि पालक कोर्टात गेले. २२ ऑगस्ट २०१७ ला निकाल लागला: हा कायदा वांशिक आकसातून केला गेला आणि वांशिक आकसातूनच राबवला गेला, म्हणून घटनाबाह्य. पुराव्यांत हपेनथाल यांनी टोपणनावाने इंटरनेटवर टाकलेल्या प्रतिक्रिया होत्या. स्पॅनिश पाट्या नकोत, स्पॅनिश रेडिओ नको, स्पॅनिश टीव्ही नको, असं त्यात लिहिलं होतं. राज्याच्या शिक्षणाची किल्ली ज्याच्या हातात, तो माणूस टोपणनावाआडून हे लिहीत होता.

निकाल देणारे न्यायाधीश होते ए. वॉलेस ताशिमा. १९४२ मध्ये अमेरिकेने जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना घरादारांतून उचलून छावण्यांत डांबलं, त्यातले सुमारे दोन-तृतीयांश अमेरिकन नागरिक. लहानगे ताशिमा त्यांतलेच एक. त्यांची छावणी पोस्टनला होती. पोस्टन ॲरिझोनातच आहे.

मार्कांवर परिणाम होईल का? आमच्या मुलाला त्याऐवजी एखादा एपी (कॉलेजच्या पातळीचा) कोर्स घेता आला असता.

झालाच तर चांगला होण्याची शक्यता जास्त. सॅन फ्रान्सिस्कोच्या काही हायस्कुलांत आठवीची सरासरी ४ पैकी २ च्या खाली असलेल्या मुलांना नववीत हा वर्ग आपोआप दिला जायचा. टॉमस डी आणि एमिली पेनर या संशोधकांनी त्या रेषेच्या जरा खालची आणि जरा वरची मुलं ताडून पाहिली. २ च्या रेषेच्या अलीकडची आणि पलीकडची मुलं एरवी सारखीच, फरक फक्त या वर्गाचा. २०१७ साली त्यांनी निष्कर्ष छापले: वर्ग घेतलेल्यांची हजेरी २१ टक्के बिंदूंनी वाढली, सरासरी १.४ गुणांनी. नंतरच्या अभ्यासात हीच मुलं शाळा पुरी करण्यात आणि कॉलेजात जाण्यातही पुढे दिसली. टक्सनच्या वर्गांवर २०१४ मध्ये झालेला अभ्यासही तेच सांगतो.

पण हे आकडे घेऊन मी कुणाच्या अंगावर जात नाही. शाळा मोजक्या होत्या, शिक्षक निवडक आणि तयारीचे होते, आणि काही संख्याशास्त्रज्ञांनी या हिशेबावर आक्षेपही घेतले आहेत. तयारी नसलेल्या शिक्षकाच्या हाती आयता अभ्यासक्रम दिला तर हेच फळ मिळेल, असं कुणी म्हणू नये. आणि तुमचा मुलगा आधीच ३.९ वर असेल तर त्याचे मार्क वाढावेत म्हणून हा विषय नाहीच.

आपल्या मुलांचा यात काय संबंध? आपण तर परवा आलो.

आपण परवा आलो, ते कुणीतरी दार उघडलं म्हणून. ते दार बंद कसं झालं होतं, इथून सुरुवात करते.

१९०७ च्या सप्टेंबरात वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावात शेकडो गोऱ्यांच्या जमावाने लाकूडगिरणीत राबणाऱ्या हिंदुस्थानी मजुरांना, बहुतेक शिखांना, घरांतून ओढून गावाबाहेर हाकललं. १९१३ मध्ये कॅलिफोर्नियाने आशियाई शेतकऱ्यांना जमीन घेता येऊ नये असा कायदा केला. १९१७ मध्ये हिंदुस्थानातून येणंच बंद केलं. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांना सांगितलं की तुम्ही अमेरिकन सैन्यात होतात हे खरं, पण तुम्ही 'गोरे' नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. आधी नागरिकत्व मिळालेल्या अनेकांचं तेही काढून घेतलं. हिंदुस्थानातून आलेल्या कला बगाई यांचं कुटुंब बर्कलीत घर घेऊन राहायला आलं तेव्हा शेजाऱ्यांनी दाराला कुलूप ठोकून त्यांना आत पाऊल टाकू दिलं नाही. आज त्याच बर्कलीत एका रस्त्याला त्यांचं नाव आहे. मुलांना घेऊन जा आणि पाटी दाखवा.

१९४६ मध्ये दार जरा किलकिलं झालं, हिंदुस्थानसाठी वर्षाला १०० जणांचा कोटा. खरं उघडलं ते १९६५ मध्ये. कृष्णवर्णीयांनी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या राज्यांत लाठ्या आणि कुत्रे अंगावर घेऊन जी चळवळ चालवली, तिच्याच रेट्यात वंशावर आधारलेला जुना कोटा गेला. आपले काका-मामा सत्तरच्या दशकात इंजिनियर होऊन आले, ते त्या कायद्यावर. आपण मेहनत केली, खरंच केली. पण व्हिसाचा रस्ता आपल्या आधी इतरांनी खणला होता.

मराठी माणसंही त्या पहिल्या पिढीत होती. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे वॉशिंग्टन विद्यापीठात इंजिनियरिंग शिकायला आले, इंग्रजांविरुद्ध उठावाची तयारी करणाऱ्या गदर चळवळीत पडले आणि १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभांबरोबर फासावर गेले. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे इथेच शेतीशास्त्र शिकले, गदरच्या उभारणीत होते, पुढे परागंदा होत मेक्सिकोत पोचले, चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवू लागले, मक्याच्या वाणांवर काम केलं. मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर चित्रकार दिएगो रिव्हेराने त्यांना रंगवलंय. टक्सनमध्ये ज्यांची पुस्तकं खोक्यांत भरली, त्या मुलांच्या आजोबांच्या देशात आपला एक वर्धेकर शेती शिकवत होता. हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

आणि अगदी आजचं म्हणाल तर दोन गोष्टी. बालवाडीत नाव घालताना 'घरात कोणती भाषा बोलता' या रकान्यात तुम्ही 'मराठी' लिहिता आणि शाळा मुलाची इंग्रजीची चाचणी घेऊन गरज असेल तर जादा मदत देते. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी पालकांनी सर्वोच्च न्यायालयात १९७४ साली खटला जिंकला, म्हणून ती मदत देणं शाळांना भाग पडलं. दुसरी गोष्ट: जानेवारी २०२५ मध्ये जन्मसिद्ध नागरिकत्वावर, म्हणजे इथे जन्मलं की मिळणाऱ्या नागरिकत्वावर, मर्यादा घालणारा राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला, त्या मर्यादेत तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांची बाळंही आली. त्या रात्री आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी झोपलं नाही. दिवस भरत आलेल्या मुली विचारत होत्या, आमच्या बाळाचं काय? ज्या निकालाचा हवाला सगळे वकील देत होते, तो १८९८ चा. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या वॉंग किम आर्क या चिनी स्वयंपाक्याने सरकारशी लढून तो मिळवला. ग्रुपवरच्या मोठ्यांना ते नाव माहीत नव्हतं. माझ्या मुलीला होतं.

हिंदू धर्माबद्दल वेडंवाकडं शिकवलं तर? जातीवरून आपल्या मुलांना हिणवलं तर?

ही भीती खरी आहे आणि ती झटकून टाकू नये. मुलाला वर्गात 'तुझी जात कोणती' विचारलं गेल्याचं मी स्वतः एका आईकडून ऐकलंय. असं झालं तर तक्रार करा, लेखी करा, मी बरोबर येईन. पण एक घोळ आधी दूर करू. प्राचीन भारत, हिंदू धर्म, वर्णव्यवस्था हे इथे सहावीच्या इतिहासात येतं, आणि २००५-०६ मध्ये पाठ्यपुस्तकांवरून जो वाद कोर्टापर्यंत गेला तो त्याचा होता. एथनिक स्टडीज हा अमेरिकेतल्या समाजांचा विषय आहे.

जातीबद्दल मात्र मी मनापासून बोलते. हा विषय टाळण्याची मुभा मराठी माणसाला नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते अमेरिकेतल्या, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केलं. पुण्यात बसून त्यांना मिसिसिपीतला गुलाम आपला वाटला. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे करायच्या अर्जाची चौकशी केली, आणि ड्युबॉइस यांनी उत्तर दिलं. हे दोन्ही देश एकमेकांच्या शेजारी ठेवून वाचणारे पहिले लोक आपले आहेत. ते जर वर्गात कुणी नीट शिकवत असेल, तर मला माझ्या मुलीची मान खाली जाईल असं वाटत नाही.

ज्यू पालकांचा विरोध का होता?

राज्याने या विषयाचा एक नमुना अभ्यासक्रम बनवायला घेतला होता. त्याच्या २०१९ च्या पहिल्या मसुद्यात ज्यूविरोधाचा नीट विचार नव्हता आणि काही मजकूर एकांगी होता. ती टीका रास्त होती. शीख, आर्मेनियन आणि इतर समाजांनीही आपण त्यात नाही म्हणून आवाज उठवला. मसुदा पुन्हा पुन्हा लिहिला गेला आणि मार्च २०२१ मध्ये मंजूर झाला. पुढेही सगळं सुरळीत झालं असं नाही. सांता ॲना डिस्ट्रिक्टने असेच काही वर्ग बंद दाराआड तयार केले, त्यावर खटला झाला, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तडजोड होऊन ते वर्ग थांबवून लोकांसमोर नव्याने आखायचं ठरलं. मला ते योग्य वाटलं. लोकांपासून लपवून केलेला अभ्यासक्रम टिकत नाही आणि टिकूही नये.

शिक्षकच एकतर्फी असेल तर?

मग शिक्षकाशी बोला. गणिताचा शिक्षक वाईट निघाला म्हणून आपण बीजगणित बंद करा म्हणत नाही.

नक्की सक्ती आहे की नाही?

२०२१ च्या कायद्यानुसार २०२५-२६ पासून हायस्कुलांनी हा वर्ग ठेवायचा आणि २०२९-३० मध्ये पास होणाऱ्यांना तो सक्तीचा. पण राज्याने पैसे दिले तरच ही सक्ती लागू होणार, असं त्याच कायद्यात आहे. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात पैसे ठेवले नाहीत. म्हणून राज्याची सक्ती सध्या कागदावर आहे. अनेक डिस्ट्रिक्टांनी आपल्या पातळीवर विषय चालू ठेवलाय, काहींनी मागे घेतलाय. तुमच्याकडे काय होतंय ते तुमच्या शाळा मंडळाच्या बैठकीत ठरतं, आणि म्हणूनच मी एवढं लिहितेय.

मुलांना याचा घरी काही उपयोग होतो का?

घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाची स्थलांतराची गोष्ट लिहून आणा, असं या वर्गात सांगितलं होतं. माझ्या मुलीला वाटलं, आजी सातारची, ती कुठे गेलीय? तिने व्हिडिओ कॉल लावला. मग कळलं की आजीचं गाव कोयनेच्या पाण्याखाली आहे. ती नऊ वर्षांची असताना बैलगाडीत भांडी, बाजरीचं पोतं आणि देवाचा टाक घेऊन ते निघाले. टाक आईने पदरात बांधला होता. मी इतकी वर्षं त्या घरची सून आहे, मला हे कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं. मुलीने विचारलं, अशा लोकांना मराठीत काय म्हणतात? आजी म्हणाली, "आम्हाला? धरणग्रस्त." मुलीने तो शब्द देवनागरीत लिहिला. ग्र काढायला तिला तीनदा खोडावं लागलं. खाली इंग्रजीत लिहिलं की ओलोनी लोकांसाठी असा एक शब्द हवा होता.

बैठकीत बोलायचं कसं? माझं इंग्रजी अडखळतं.

अडखळलं तरी चालतं, तिथे बहुतेकांचं अडखळतं. स्थानिक पातळीवर तयार केलेला अभ्यासक्रम आधी एका जाहीर बैठकीत मांडावा लागतो आणि मंजुरी त्यानंतरच्या दुसऱ्या बैठकीत, असा कायदा आहे. म्हणजे तुम्हाला दोन संधी मिळतात. विषयपत्रिका आधी प्रसिद्ध होते, ती बघा. बोलायला दोन-तीन मिनिटंच मिळतात, म्हणून कागदावर लिहून न्या आणि घरी घड्याळ लावून एकदा वाचा. दुभाषा हवा असेल तर डिस्ट्रिक्टच्या ऑफिसला दोन-चार दिवस आधी फोन करा. पहिलं वाक्य आपल्या मुलाबद्दल असू द्या, धोरणाबद्दल नंतर बोला. आणि दारापाशी बोलण्यासाठी नाव नोंदवायचं कार्ड भरताना नावासोबत विषयाचा क्रमांक लिहायला विसरू नका. आमच्याकडे तो नसला की नाव पुकारत नाहीत.